गच्चीवरच्या काड्या

नंदाताई गावंडे यांना सौदी अरेबियातल्या हाइलला मुलाकडे येऊन दोन महिने होत आले होते, आणि एवढ्या दिवसांत सुनेनं त्यांना एकदाही दुखावलं नव्हतं. नेमकी हीच त्यांची तक्रार होती.

दुखावलं असतं तर निदान रुसता आलं असतं, दोन शब्द बोलता आले असते, मग समेट झाला असता. सानिका तेवढी फटच ठेवत नसे. "आई, तुम्ही बसा." "आई, राहू द्या, मी करते." "आई, तुम्हाला चालेल ना?" सकाळी चहा हातात, जेवताना पहिली गरम पोळी त्यांच्या ताटात, टीव्हीचा रिमोट त्यांच्या उशाशी. अकोल्यात जन्मभर शाळेची मुख्याध्यापकी केलेली, शिपायापासून संस्थेच्या अध्यक्षापर्यंत सगळ्यांना वेळेवर यायला लावलेली ही बाई. तिला इथे सोफ्यावर देवासारखं बसवून ठेवलं होतं. देव्हाऱ्यातल्या देवाला दिवसभर काही काम नसतं, हे नंदाताईंना आता पुरतं कळून चुकलं होतं.

त्यांचा जीव अडकला होता तो एकाच गोष्टीत. सानिकाला पाचवा महिना होता. जुलैत बाळ येणार होतं, आणि मार्चअखेर नंदाताईंचा व्हिजिट व्हिसा संपत होता. बाळंतपणाला कोण येणार हे या घरात कुणी बोलतच नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे त्या स्वतःच चारचौघींना सांगत आल्या होत्या. म्हणजे मान पुण्याच्या विहीणबाईंचा. पण विहीणबाई येणार आहेत असंही कुणी म्हणत नव्हतं, आणि सानिका पुण्याला जाणार असंही नाही. आपल्याला बोलवावं असं नंदाताईंना फार वाटत होतं. इतकं, की दुपारी पडल्या पडल्या त्या मनातल्या मनात डिंकाच्या लाडवांचं सामान काढत. तोंडानं मात्र चकार शब्द नाही. बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही हा त्यांचा बाणा होता, आणि दार पोटच्या मुलाचं असलं तरी त्यात सूट नव्हती.

एक काम तेवढं त्यांच्या वाट्याला आलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या पेल्यांमध्ये कोलियसच्या फांद्या उभ्या होत्या, लाल-जांभळ्या नक्षीदार पानांच्या. त्यांचं पाणी बदलायचं. नर्सरीवाले ही झाडं एका हंगामापुरतीच विकतात, असं सानिकानं सांगितलं होतं. लोक घेतात, दारात मांडतात, डिसेंबरात ती काळी पडली की फेकून देतात आणि पुढल्या वर्षी नवी आणतात. हाइलची थंडी काही लुटुपुटूची नव्हे, पहाटे गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा धरतो.

"पण आई, ही काही एका वर्षाची झाडं नसतात," सानिका म्हणाली होती. "त्यांना थंडी सोसत नाही, एवढंच. हिवाळा घरात काढू दिला की पुन्हा उभी राहतात."

म्हणून गारठा सुरू व्हायच्या आत फांद्या खुडायच्या, पाण्यात ठेवायच्या, आणि मुळं फुटली की मार्चात कुंडीत लावायच्या. हे ऐकलं त्या दिवशी नंदाताईंना सून मनापासून आवडली. त्याआधीही आवडत होतीच, पण ते नात्यानं. टाकून न देणारी माणसं त्यांना पहिल्यापासून जवळची वाटत.

सानिकानं मात्र अर्धीच गोष्ट सांगितली होती. उरलेली अर्धी गच्चीवरच्या खोलीत होती, आणि गच्चीला जायला उंच पायऱ्या होत्या. "वर नका जाऊ आई, गुडघे दुखतील तुमचे," असं म्हणून तिनं तो विषयच मिटवला होता. सासूचा इतका आदर केला नसता तर पुढचं काही घडलंच नसतं.

त्या वर्षी होळी रमजानात आली. घर दुमजली होतं. वर ज्ञानेश आणि सानिका, खाली शौकत आणि आमिना. शौकत रत्नागिरीकडचा, त्याचं शहरात टाइल्सचं दुकान. ज्ञानेश इंजिनियर, शहराबाहेरच्या गव्हाच्या शेतांना पाणी देणाऱ्या अवाढव्य यंत्रांची देखभाल करायचा. दोन्ही घरांना मिळून एक उंच भिंतींचं अंगण होतं, आणि अंगणात मांस भाजायची लोखंडी शेगडी होती, जशी इथे घरोघरी असते.

"यंदाची होळी मी करणार," नंदाताईंनी जेवताना जाहीर केलं.

"आई, तुम्ही कशाला एवढी दगदग..." सानिका सुरू झाली.

"मी करणार."

हा शाळेतला आवाज होता. ज्ञानेश त्या आवाजात लहानाचा मोठा झाला होता, त्यानं ताबडतोब मान डोलावली. "करू दे तिला. शेगडीत कोळसे पेटवू, झालं."

"कोळशाची होळी? कबाब करायचेत का तुला? लाकडं पाहिजेत. चार काड्या का होईना, पण लाकडं."

"हो," ज्ञानेश म्हणाला.

ज्ञानेशचं 'हो' म्हणजे आपलं म्हणणं त्याच्या कानापर्यंत पोचलं, याची पावती. काम होईलच असा तिचा अर्थ नव्हे. ही सवय त्याच्या वडिलांची, आणि वडिलांच्या माघारी त्यानं ती इमानानं चालवली होती. होळीच्या दिवशी सकाळी तो रिकाम्या हातानं कामावर गेला तेव्हा नंदाताईंना अजिबात नवल वाटलं नाही.

दुपारी पुरण शिजून वाटून झालं. सानिका जेवून आडवी झाली आणि तिला गाढ झोप लागली. नंदाताई अंगणात उतरल्या. अंगणात झाड नव्हतं, फरशीवर काडी नव्हती, होती ती नुसती बारीक धूळ. मग त्यांना आठवलं की कोळशाची गोणी गच्चीवरच्या खोलीत असते. जिथे कोळसा तिथे एखादा फुटका खोका, एखादी फळी असणारच. भिंतीला हात लावत, एकेका पायरीला गुडघ्यांची समजूत घालत त्या वर गेल्या.

खोली अंधारी होती आणि चांगलीच गार. दार पूर्ण उघडलं तेव्हा त्यांना दिसलं आणि त्या खुदकन हसल्या. कोळशाच्या गोणीच्या बरोबर वर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली, आणि दोरीवर वाळक्या काड्यांच्या जुड्या उलट्या टांगलेल्या. खाली शेंडे, वर मुळं. मुळांची माती झटकलेली, पानं झडून गेलेली, कुठे एखादं करपलेलं पान चिकटून राहिलेलं.

पऱ्हाट्या. अकोल्याकडच्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी मुळासकट उपटायची, माती झटकायची, वाळवायची, पेंढ्या बांधायच्या आणि वर्षभर चुलीला लावायची. नंदाताईंच्या माहेरी गोठ्याच्या आढ्याला अशाच पेंढ्या टांगलेल्या असत, म्हणजे ओल लागत नाही आणि वाळवीही. शेगडी पेटवायला म्हणून या पुण्यात वाढलेल्या पोरीनं अंगणातली जुनी झुडपं उपटून अशी नीट टांगून ठेवावीत, याचं त्यांना इतकं कौतुक वाटलं की विचारायला खाली जावं असं मनातही आलं नाही. शिवाय ती झोपली होती. उठेल तेव्हा होळी रचलेली दिसेल, तिला गंमत वाटेल, हा विचार त्यांना फार गोड वाटला.

काम मात्र त्यांनी नीट केलं. ओली काडी धूर करते, आणि गरोदर बाईच्या डोळ्यांत धूर जायला नको. म्हणून एकेक काडी हातात घेऊन त्या वाकवून बघत होत्या. कट् करून मोडली की घ्यायची. जी मोडेना, नुसतीच वाकेल, ती ओली, ती कोपऱ्यातल्या खोक्यात टाकायची. एक बुंधा चांगला मनगटाएवढा जाड होता, गाठीगाठींचा. तो हातानं मोडेना म्हणून त्यांनी गुडघ्यावर घेतला, आणि गुडघा दुखत असूनही कडाडकन मोडला. हे अस्सल लाकूड, त्या मनाशी म्हणाल्या. होळीच्या मधोमध तेच उभं करायचं.

संध्याकाळी मशिदीतून अजान झाली. खाली शौकत-आमिनानं खजूर तोंडात टाकून रोजा सोडला, आणि थोड्या वेळानं अंगणात नंदाताईंनी होळी पेटवली. शेगडीभोवती तांदळाच्या पिठाची रांगोळी काढली होती. हळदकुंकू वाहिलं, नारळ वाढवला, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. काड्या अशा काही धडधडून पेटल्या की ज्ञानेशनं कौतुकानं विचारलं, "आमिनाभाभींनी दिली का लाकडं?" नंदाताई नुसत्या हसल्या. सानिकाला वाटलं, ज्ञानेशनं आणली असतील, आणि तिनं नवऱ्याकडे अशा काही प्रेमानं पाहिलं की त्यानंही मग काही खुलासा केला नाही.

"कसला तरी ओळखीचा वास येतोय," प्रदक्षिणा घालता घालता सानिका म्हणाली.

"पुरणाचा," ज्ञानेश म्हणाला.

तिनं हात जोडले आणि बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. उजेडात तिचा चेहरा तापून लाल झाला होता, पोटावर एक हात होता. नंदाताईंना तिच्याकडे बघून भडभडून आलं. ही आपली पोर आहे, असं त्यांना त्या क्षणी अगदी स्पष्ट वाटलं, आणि हे तिला कसं सांगावं ते काही कळेना.

"आई, किती छान झाली होळी," सानिका म्हणाली. "इथे असं काही होईल असं मला वाटलंच नव्हतं."

त्या रात्री नंदाताई निवांत झोपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानेश सानिकाला तपासणीला दवाखान्यात घेऊन गेला. थोड्या वेळानं आमिना पोळ्यांचा डबा परत द्यायला वर आली. डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून त्यात फिरनी, तांदळाची खीर होती.

"मावशी, पोळ्या काय झाल्या होत्या. हे म्हणाले, पहाटे सहरीलापण ह्याच दे मला," ती दारातच म्हणाली. मग आत येऊन टेकली. "आणि सानिकाला सांगा हां, माझ्या कुंड्या भरून तयार आहेत. गेल्या वर्षीचं माझं झाड मी मारलं. यंदा दोन देणार म्हणालीय ती."

"दोन काय?"

"जिरेनियम. वर टांगून ठेवलीत ना तिनं, खोलीत."

नंदाताईंच्या हातात डबा होता. तो त्यांनी हळूच टेबलावर ठेवला.

आमिना आपल्या नादात सांगत होती. हीपण एका हंगामापुरतीच विकतात, पण सानिका ती नोव्हेंबरात कुंडीतून काढते, माती झटकते, उलटी टांगते आणि महिन्यातून एकदा मुळं पाण्यात बुडवून पुन्हा टांगते. हिवाळाभर झोपतात. "दिसतात अगदी मेल्यासारखी. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा हसलेच होते. पण मार्चात लावली की डोळे फुटतात, आणि मग फुलं बघा तुम्ही. ती सगळी एकाच झाडाची पोरं. ती जाडी आहे ना मधली, ती तिची खफजीची. लग्नानंतर ती दोघं पहिल्यांदा तिकडे समुद्रकाठी खफजीला होती ना, तेव्हाची. इकडे बदली झाली तेव्हा मांडीवर घेऊन आली होती ती, अख्ख्या वाटेत."

नंदाताई खुर्चीवर बसल्या. जाडी. मधली. गुडघ्यावर मोडलेली.

त्यांनी आमिनाला सगळं सांगितलं. पऱ्हाटी म्हणजे काय तेही सांगितलं, कारण त्याशिवाय ही बाई वेडी आहे असंच कुणालाही वाटलं असतं. आमिनानं दोन्ही हात तोंडावर धरले. तिला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाही कळत नसावं.

"या अल्ला," ती म्हणाली. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाली, "सांगू नका तिला. दरवर्षी थोडी कुजतात, थोडी सुकून जातात. ती बघेल, तिला वाटेल यंदा गेली. माझा रोजा आहे, मी खोटं काही बोलणार नाही. पण गप्प बसेन."

ती गेल्यावर नंदाताईंनी फिरनी फ्रिजमध्ये ठेवली. आमिनाचं म्हणणं त्यांना पटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. काल संध्याकाळी इतकं छान झालं होतं. निघायला थोडे दिवस उरले होते, आणि या थोड्या दिवसांत सानिका म्हणालीही असती, आई, जुलैत या. आता कोण म्हणणार? जिनं घरातलं जिवाभावाचं झाड होळीत घातलं तिच्या हातात तान्हं बाळ कोण देईल? गप्प बसलं तर निदान आशा तरी राहते.

पण मग त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळंच आलं. सानिका वर जाईल, दोरी रिकामी दिसेल. कुजलेली झाडं कुणी काढून टाकली हे तिला कोडं पडेल, पण ती सासूला विचारणार नाही, कारण ती सासूला काहीच विचारत नाही. माझंच काहीतरी चुकलं, मीच वेळेवर पाणी दाखवलं नाही, असं ती स्वतःलाच लावून घेईल. आधीच पोटात बाळ, त्यात हे. तिनं असं स्वतःला दोष देत बसावं हे नंदाताईंना सहन होईना. त्यापेक्षा जुलैचं बोलावणं न येणं परवडलं.

दुपारी दोघं परत आली. बाळ उत्तम होतं, सोनोग्राफीत त्यानं जांभई दिली म्हणे. सानिका हसत हसत सांगत होती. नंदाताईंनी तिला पाणी दिलं, पाणी पिऊ दिलं, आणि मग म्हणाल्या, "बस. मला तुला काही सांगायचंय."

त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. ज्ञानेश मोजे काढता काढता तसाच थांबला. सानिकाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"सगळ्या?" तिनं विचारलं.

"चांगल्या खडखडीत वाळलेल्या होत्या त्या सगळ्या," नंदाताई म्हणाल्या. काहीही सौम्य करून सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. "राहिल्यात त्या काही कामाच्या नाहीत. ओल्या आहेत, मोडतसुद्धा नाहीत, नुसत्या वाकतात. खोक्यात टाकल्यात."

सानिका ताडकन उठली आणि जिन्याकडे गेली. तिच्यामागे "हळू, अगं हळू" करत ज्ञानेश, आणि सगळ्यांच्या मागे भिंत धरून नंदाताई. त्या वर पोचल्या तेव्हा सानिका गच्चीवर उन्हात बसली होती, खोका मांडीवर घेऊन. ती एकेक काडी उचलून नखानं साल खरवडत होती. सालीखाली हिरवं दिसत होतं. पहिलीत हिरवं, दुसरीत हिरवं, प्रत्येकीत हिरवं.

"जिवंत आहेत," ती म्हणाली. "आई, ज्या मेलेल्या होत्या त्याच मोडल्या. जिवंत काडी वाकते. तुम्ही मेलेल्या जाळल्यात."

नंदाताईंना हायसं वाटलं, पण ते क्षणभरच.

"आणि जाडी?" सानिकानं विचारलं. "माझी खफजीची?"

"ती गुडघ्यावर मोडली."

"ती जिवंत होती. जुनं झालं की जिरेनियमचं लाकूडच होतं, आई. जिवंत असलं तरी मोडतं ते." आणि मग दोन महिने जे कधी झालं नव्हतं ते झालं. सानिकाचा आवाज चढला. "विचारायचं नाही का तुम्ही? मी खाली झोपले होते, मेले नव्हते. एक हाक मारायची होती. सानिका, ह्या काड्या घेऊ का, एवढंच. काड्यांना मुळं दिसत नव्हती? माणसं सरपण दोरीवर रांगेत वाळत घालतात का? आणि काल मी त्याच होळीला प्रदक्षिणा घातल्या. हात जोडले मी. वास येतोय म्हणाले तर हा म्हणतो, पुरणाचा."

"सानिका, अगं आई आहे ती," ज्ञानेश म्हणाला.

"मला माहितीये कोण आहे ती. तू मध्ये बोलू नकोस."

ती रडत होती आणि बोलतही होती. नंदाताई हात बांधून उभ्या होत्या, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारख्या. त्यांना त्या जाड्या झाडासाठी फार वाईट वाटत होतं. पण खरं सांगायचं तर त्या बोलण्यानं त्यांना कुठेतरी बरंही वाटत होतं. पाहुणीला कुणी असं बोलत नाही. असं फक्त घरातल्या माणसाला बोलतात.

रडून झाल्यावर सानिकानं ओढणीनं नाक पुसलं आणि खोलीतून कुंड्या काढायला सुरुवात केली. "बसा इथे," तिनं पाण्याच्या टाकीच्या कट्ट्याकडे बोट दाखवलं. "हे धरा. अर्धी कुंडी माती. काडी सरळ उभी धरायची, मुळं पसरायची, वरून माती दाबायची, हलक्या हातानं. पाणी बेतानं घालायचं, ओतायचं नाही."

नंदाताई मुकाट्यानं माती भरू लागल्या. ज्ञानेशला पाण्याची झारी आणायला पिटाळलं.

"ह्या सगळ्या जगल्या पाहिजेत," सानिका कुंड्या मांडता मांडता बजावत होती, राग अजून उतरला नव्हता. "जूनमध्ये ऊन वाढलं की त्या सावलीच्या जाळीखाली हलवाव्या लागतात. मला तेव्हा वाकता येणार नाही. ह्याला सांगितलं तर हा हो म्हणेल आणि विसरेल. आणि जुलैत तर मी हॉस्पिटलमध्ये असेन, मग घरी आले तरी बाळ असेल. तेव्हा हे तुम्हीच बघायचंय. ऊन चढायच्या आत पाणी घालायचं, वाळलेलं फूल खुडायचं, विसरायचं नाही."

नंदाताईंचे हात मातीतच थांबले.

"मी कुठे असणार गं जुलैत?"

"कुठे म्हणजे? इथे."

"मला कुणी बोलावलं?"

सानिकानं मान वर केली. आधी सासूकडे पाहिलं आणि मग सावकाश नवऱ्याकडे. ज्ञानेश झारी घेऊन उभा होता आणि शेजारच्या गच्चीवरची डिश अँटेना फार लक्ष देऊन बघत होता.

"ज्ञानेश, मी तुला जानेवारीत सांगितलं होतं. बाबांना अर्धांगामुळे एकटं सोडता येत नाही, माझी आई येऊ शकणार नाही, तर तुझ्या आईला विचार म्हणून."

"मी हो म्हटलं होतं," ज्ञानेश म्हणाला.

नंदाताईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "त्याचं राहू दे. त्याला मी जन्मापासून ओळखते. तू का नाही विचारलंस? दोन महिने मी तुझ्या समोर सोफ्यावर बसून होते, सानिका. एक हाक मारायची होती."

सानिका त्यांच्याशेजारी कट्ट्यावर बसली, मातीचे हात तसेच मांडीवर ठेवून.

"मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल," ती म्हणाली. "ह्यानं उत्तर आणलं नाही, म्हणजे तुमची इच्छा नसेल असं वाटलं. मग मी विचार केला, तुम्हाला इथे काही कमी पडू दिलं नाही, कशाचा त्रास होऊ दिला नाही, तर तुम्हाला राहावंसं वाटेल. आज चिडले आणि तोंडातून तसंच निघून गेलं. मनात मी तुम्हाला कधीचंच जुलैत धरून चालले होते." तिनं हातांवरची माती झटकली. "मला फार भीती वाटते, आई. ह्या गावात माझं कुणी नाही. याल का?"

"येते," नंदाताई म्हणाल्या.

त्यांना पुढे बरंच काही बोलायचं होतं. व्हिसाचं तू स्वतः बघ, ह्याच्यावर सोडू नकोस, डिंक मी अकोल्याहून आणीन, रात्री बाळाला मी घेईन, तू झोप. यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना. म्हणून त्यांनी ज्ञानेशच्या हातातली झारी घेतली आणि समोरच्या कुंडीत पाणी घालायला लागल्या. डोळे भरल्यामुळे कुंडी नीट दिसत नव्हती.

"आई, पुरे," सानिका म्हणाली. "आई, बुडेल ती. किती घालाल? आत्ताच सांगितलं ना मी तुम्हाला?"

"सांगितलंस," नंदाताई म्हणाल्या, आणि झारी खाली ठेवून सुनेची बोलणी ऐकत बसल्या.